एका कान्याची वास्तू

त्यांच्यासमोर ‘साधारण’ हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. नोकरीसाठी मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी विचारलं, “मराठी टायपिंगचा वेग किती?” मी म्हणाले, “साधारण बरा आहे.” त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि विचारलं, “साधारण म्हणजे किती, आणि बरा म्हणजे कुणापेक्षा?” मला राग आला. बिबवेवाडीहून दोन बस बदलून मी आले होते आणि समोरचा माणूस परीक्षा घेतोय की चेष्टा करतोय, तेच कळेना. मी म्हणाले, “इथल्या कामाला पुरून उरेल इतका. टाइप करण्यासारखं इथं काही दिसतच नाही.” ते म्हणाले, “दिसत नाही, हे निरीक्षण बरोबर आहे. सोमवारपासून या.”

ते वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. सगळे त्यांना साहेब म्हणत, मीही म्हणू लागले. घर भवानी पेठेत, पिढ्यान्‌पिढ्यांचं. वडील बाजारात मापाडी होते. म्हणजे शेतकरी आणि व्यापारी यांच्या मध्ये बसून धान्य मापून देणारे, आणि दोघांच्याही शिव्या खाणारे. मुलगा शिकून निरीक्षक झाला. “वडील धान्य मापायचे, मी मापाला मापायचो. प्रगती म्हणतात ती हीच,” असं ते कोरड्या चेहऱ्यानं सांगत. किलो आणि लिटर आले तेव्हा जुनी शेर-पायलीची मापं गोळा करून मोडीत काढायचं काम त्यांच्याकडे आलं. ते करता करता त्यांच्या लक्षात आलं, की एका गावचा शेर दुसऱ्या गावच्या शेराएवढा नाही. कुठे पितळी, कुठे लाकडी, कुठे काठाला लोखंडी कडं. त्यांनी वरिष्ठांची रीतसर परवानगी काढून गावोगावचं एकेक माप ठेवून घ्यायला सुरुवात केली, आणि निवृत्तीनंतर त्याचंच संग्रहालय झालं. एका शाळेच्या मागच्या दोन खोल्या, भिंतीला फळ्या, फळ्यांवर मापं. साहेब संग्रहालयाच्या संस्थेचे मानद चिटणीस आणि मी एकटी पगारी.

आतल्या खोलीत एक कपाट होतं. त्याला ते ‘पापाचं कपाट’ म्हणत. मापात पाप करणाऱ्यांची हत्यारं त्यात होती. आतून दुसरा तळ ठोकलेली पायली, पोकळ वजन, आत पारा खेळवलेली तराजूची दांडी. ही दांडी व्यापारी हव्या त्या बाजूला हळूच कलती करी आणि पारा आपलं काम करी. शाळेतली मुलं आली की बाकीच्या मापांकडे ढुंकूनही न बघता थेट या कपाटापाशी जात. “असंच असतं,” साहेब म्हणत. “खऱ्या मापाकडे कोण बघतं? ते बरोबरच असतं.”

मंडईत त्यांना घेऊन जायला त्यांची बायको तयार नसे. भाजीवाल्या लांबून त्यांना पाहूनच वजनावरचा शिक्का वर करून ठेवत, आणि एखादीकडे दगडाचं वजन असलं तर ते पदराखाली जाई. निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी ही दहशत टिकून होती. भाभी, म्हणजे त्यांची बायको, मला म्हणाल्या होत्या, “हे बरोबर असले की वजन पक्कं मिळतं, पण भाजी शिळी मिळते. मी एकटी गेले की वजन कमी आणि वर मूठभर कोथिंबीर. मला कोथिंबीर परवडते बाई.”

त्यांच्या मोजण्याची एक रीत होती. वडिलांकडून आलेली. मापाडी लोक धान्य मापताना ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार असं. पहिल्या मापाला एकटेपणाचा शब्द नको, बरकतीचा असावा, म्हणून. साहेब सगळंच असं मोजत. चहाचे कप, फळ्यांचे खिळे, जिन्याच्या पायऱ्या. ते सांगत आणि मी टाइप करत असे. त्यामुळे आमच्या सरकारी अर्जाला जी वस्तूंची यादी जोडली, तिच्यात अनुक्रमांकाच्या रकान्यात लाभ, दोन, तीन असंच उमटलं. मला वाटलं, तेच त्यांना हवं असणार. अनुदान देणाऱ्या खात्याकडून पत्र आलं, “अनुक्रमांक लाभ म्हणजे काय, याचा खुलासा व्हावा.” साहेबांनी खुलासा पाठवला, “एक.” बाकी कोरा कागद.

हा अर्ज म्हणजे आमच्या आयुष्यातलं मोठं प्रकरण. शाळेला तिच्या खोल्या परत हव्या होत्या. मुलं वाढली होती आणि शाळेचं म्हणणं रास्त होतं. प्रश्न इतकाच होता की मापं न्यायची कुठे? भाड्यानं जागा घेण्याची संस्थेची ऐपत नव्हती. तांब्या-पितळेला जग एकाच भावानं ओळखतं, मोडीच्या. जी मापं साहेबांनी भट्टीत जाण्यापासून वाचवली होती ती आता त्यांच्या डोळ्यांदेखत परत भट्टीत जाणार, अशी वेळ आली होती. ते असं बोलून दाखवत नसत. पण त्या दिवसांत मी खोलीत शिरले की ते कुठलं तरी माप हातात घेऊन उभे असत, आणि मला पाहून उगीचच फडक्यानं पुसायला लागत. मला वाईट वाटे आणि मी उगीचच टाइपरायटर जोरात बडवायला लागे.

त्याच सुमारास सरकारची एक योजना निघाली. लहान संग्रहालयांना स्वतःची इमारत बांधायला अनुदान. जागा संस्थेच्या नावावर हवी, आराखडा हवा, आणि एक लांबलचक अर्ज. तो अर्ज भरताना आमची जी भांडणं झाली, ती मला आजही शब्दशः आठवतात.

‘सध्याच्या इमारतीची स्थिती’ या रकान्यात त्यांनी लिहायला सांगितलं, “उभी आहे.”

“साहेब, ‘मोडकळीस आलेली’ असं लिहायचं असतं,” मी म्हणाले. “नाहीतर नवी कशाला देतील?”

“शाळेची इमारत भक्कम आहे. आपण तिच्यात उपरे आहोत. मोडकळीला आलोय ते आपण.”

‘प्रकल्पाचे राष्ट्रीय महत्त्व’ या रकान्यावर त्यांनी बराच विचार केला. मग म्हणाले, “लिहा. देशात सर्वत्र कमी तोलतात.”

सगळ्यात मोठं भांडण झालं ते ‘मागील वर्षी भेट देणाऱ्यांची संख्या’ यावर. साहेबांच्या हिशेबात नुसता पत्ता विचारायला आत आलेले धरायचे नव्हते, पाणी प्यायला आलेले धरायचे नव्हते, स्वतःचे नातेवाईक तर नव्हतेच. उरली ती संख्या सांगायला मला आजही लाज वाटते. मी म्हणाले, “अहो साहेब, सगळे एक शून्य वाढवतात. खात्यालाही ते माहीत असतं. ते मनातल्या मनात एक शून्य कमी करतात. आपण खरं लिहिलं तर आपल्यातलंही एक कमी करतील, मग आपल्याकडे कुणीच आलं नाही असं होईल.”

“शून्य उसनं आणलं तर परत द्यावं लागतं बाई,” ते म्हणाले आणि खरा आकडा लिहवून घेतला.

माझा भाचा खराडीत नोकरी करतो. परवा मला विचारत होता, “मावशी, फ्लॅटचा एरिया किती आहे गं? अॅप्रॉक्स सांग.” मला एकदम साहेब आठवले. अॅप्रॉक्स! साधारणला आता सूटबूट मिळालेत, एवढंच.

जागेचा प्रश्न असा सुटेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. एके दिवशी वारज्याचे एक शेतकरी पापाचं कपाट बघायला आले. डोक्याला पटका, हातात छत्री, बरोबर नातू. दुसऱ्या तळाची ती पायली बघून ते नातवाला म्हणाले, “हे बग. ह्यानंच तुज्या पणज्याचं पोट कापलं.” मग साहेबांकडे वळले. त्यांच्या वडिलांची ज्वारी याच पायलीनं मापली जायची, आणि तरुण असताना साहेबांनीच ती व्यापाऱ्याकडून जप्त केली होती, असं निघालं. साहेबांना गाव आठवत होतं, व्यापारी आठवत होता, शेतकरी आठवत नव्हता.

शाळा जागा काढून घेतेय हे कळल्यावर शेतकरी म्हणाले, “सायेब, माज्याकडं जागा हाय. रस्त्याला लागून हाय. बाभळी हायत तिच्यावर, त्या तोडू. कागुद करा.”

साहेब ताठ झाले. “मी ते काम पगार घेऊन केलं होतं. मला कुणाची जमीन नको.”

“तुमाला कोण देतंय?” शेतकरी म्हणाले. “मी त्या मापास्नी देतोय. ही पायली मोडीत गेली तर उद्या माज्या नातवाला खरं कोन सांगंल? त्याला वाटंल, आजा थापा मारत व्हता.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आता वारज्यात रस्त्याला लागून जागा म्हटलं की लोक डोळे मोठे करतात. तेव्हा डोळे बारीक करून ‘ते कुठे आलं?’ असं विचारत. पण जागा संस्थेच्या नावावर झाली आणि अर्ज पुढे सरकला. त्रुटी निघाल्या, खुलासे गेले, परत त्रुटी निघाल्या. मार्चअखेरपर्यंत मंजुरी आली तर इमारत होईपर्यंत थांबायचं शाळेनं कबूल केलं. आणि मार्च महिना निम्मा उलटल्यावर मंजुरीचा आदेश आला.

तो आदेश मी मोठ्यानं वाचून दाखवला. वाचताना मला काहीच खटकलं नाही. साहेबांनी कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, “बाई, हे आपलं नाही.”

आदेशात आमच्या संस्थेचं नाव होतं, पत्ता होता, वारज्याचा गट क्रमांक होता. आणि मंजुरी होती ‘वास्तुसंग्रहालया’च्या इमारतीसाठी. आम्ही मागितली होती ‘वस्तुसंग्रहालया’साठी. कुठल्या तरी टायपिस्टचं बोट एक काना जास्त देऊन गेलं होतं. मी टायपिस्ट, मला त्या बोटाबद्दल सहानुभूती वाटली. वाचणाऱ्याच्या डोळ्याला तो काना दिसतसुद्धा नाही. पण त्याच्या खाली जोडलेल्या हमीपत्रावर चिटणिसांची सही हवी होती, आणि त्यात लिहिलं होतं, ‘सदर संस्था या अनुदानातून वास्तुसंग्रहालय उभारेल व चालवेल, अशी मी हमी देतो.’

आम्ही दोघं खात्याच्या पुण्यातल्या कचेरीत गेलो. तिथले हेडक्लार्क आमच्या फाइलीला अगदी कंटाळलेले होते, म्हणजेच तिच्यावर त्यांचा जीव जडलेला होता. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाले, “आहे खरा काना. पाठवू परत वरती? दुरुस्त होऊन येईल. शुद्ध, सुंदर, निर्दोष. फक्त तोवर मार्च संपलेला असेल आणि मंजुरी रद्द झालेली असेल. मग शुद्ध नावाची न झालेली इमारत आपण कुठे उभी करणार, तेवढं ठरवून ठेवा.”

“दुसरा मार्ग?”

“सही करा. काम सुरू होऊ द्या. मी शुद्धिपत्रकासाठी लिहीन मागाहून. येईल तेव्हा येईल. एका कान्याचा तर प्रश्न आहे साहेब.”

“पायलीच्या तळाला पत्रा ठोकतात तोही एकच असतो,” साहेब म्हणाले.

“अहो, पण मोजायला कोण येणार आहे?”

“आयुष्यभर मोजायला मीच जात होतो. मला ठाऊक आहे, कुणी ना कुणी येतं.”

हेडक्लार्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. मला रडू येत होतं आणि साहेबांचा भयंकर राग येत होता. एक माणूस एका कान्यासाठी सगळी मापं भट्टीत घालणार, आणि वर त्याला तत्त्व म्हणणार! बसस्टॉपवर मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं. बस आली, ते चढले, मीही चढले, आणि भवानी पेठेपर्यंत आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या आधी येऊन बसले होते. “बाई, हमीपत्र द्या. सही करतो,” ते म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी पेन शोधताना दौत सांडली. सही करून ते म्हणाले, “आता हे खरं करायला हवं. आपल्याकडे वस्तू पुष्कळ आहेत, वास्तू एकही नाही. एक तरी हवी. एक असली तरी वास्तुसंग्रहालय म्हणता येतं. मी ती देतोय.”

“कुठली?”

“घराची पुढची खोली. वडिलांची.”

त्यांचं घर म्हणजे दोनच खोल्या. मागच्या खोलीत चूल, झोपणं, पेट्या, सगळं. पुढची खोली म्हणजे त्यांच्या वडिलांची बसायची जागा. रस्त्याकडे दगडी ओटा, त्याच्यावर सागवानी चौकट, उभ्या फळ्या सरकवून बंद करायचं दार, आत मापं टांगायच्या खुंट्या. बाजारात भांडण झालं की लोक मापाड्याला बोलवायला याच ओट्यापाशी येत. ही खोली उतरवून, दगड न्‌ दगड, फळी न्‌ फळी वारज्याला न्यायची आणि नव्या इमारतीच्या दालनात परत उभी करायची, असं त्यांनी ठरवलं होतं. मी विचारलं, “भाभींना विचारलंत?”

“घर माझ्या नावावर आहे,” ते म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकच चुकीचं उत्तर. ते चुकीचं आहे हे त्यांना कळलंही नाही, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. जो माणूस भाजीवालीच्या वजनातली खोट नजरेनं ओळखायचा, त्याला स्वतःच्या घरातला तराजू कुठे कलतोय ते दिसत नव्हतं.

भाभींचा दिवस त्या ओट्यावर जायचा. दुपारी शेजारच्या बायका येत, तांदूळ निवडत, मटार सोलत, सुनांच्या तक्रारी करत. पेठेतल्या त्या गल्लीत बायकांना बसायला दुसरी जागा नव्हती. कामगार आले आणि फळ्यांवर खडूनं आकडे घालायला लागले, तेव्हा भाभी आतल्या दारात उभ्या होत्या. मला म्हणाल्या, “लोक संग्रहालयाला वस्तू देतात. हे घर देतायत. पाहुणे आले की मी कुठे बसवू? वारज्याला?”

साहेब म्हणाले, “मागची खोली आहे ना.”

“पुढची असते म्हणून मागचीला मागची म्हणतात,” भाभी म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यानंतर पुष्कळ दिवस त्या माझ्याशीही बोलल्या नाहीत. मी त्या कटात होते असं त्यांना वाटत होतं, आणि काही अंशी ते खरंही होतं. मला इमारत हवी होती.

इमारत झाली. बसकी, पांढरी, आत उजेड भरपूर. मापं आली, पापाचं कपाट आलं, आणि मधल्या दालनात ती खोली उभी राहिली, ओट्यासकट. दारावर पाटी लागली, ‘वास्तुसंग्रहालय’. उद्घाटनाला भाभी आल्या नाहीत. मी सुचवलं की ओट्यावर ‘बसू नये’ अशी पाटी लावू या, इतर संग्रहालयांत असते तशी. साहेब म्हणाले, “ओट्यावर बसायचं असतं. बसू दिलं नाही तर तो ओटा नव्हे, दगड.” थोड्याच दिवसांत गावातल्या बायकांना ही जागा ठाऊक झाली. बसची वाट बघताना, शेतावरून येताना त्या सावलीला आत यायच्या आणि ओट्यावर टेकायच्या. साहेब त्यांना भेट देणाऱ्यांत धरत नसत. पण त्या बसल्या असल्या की तिथून जाताना चप्पल वाजू देत नसत.

आणि मग, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, शुद्धिपत्रक आलं. हेडक्लार्कांनी शब्द पाळला होता. ‘आदेशातील “वास्तुसंग्रहालय” या शब्दाऐवजी “वस्तुसंग्रहालय” असे वाचावे.’ एवढंच.

एवढंच! मला हसावं की रडावं कळेना. थोडा धीर धरला असता तर भाभींची खोली भाभींकडे राहिली असती. साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. मग त्यांनी चष्मा खिशात ठेवला आणि म्हणाले, “बाई, रंगाऱ्याला बोलवा, पाटीवरचा काना काढायला. आणि त्या कामगारांना निरोप द्या. खोली उतरवून परत घरी न्यायची. वस्तुसंग्रहालयात वास्तूचं काम नाही.”

मी रंगाऱ्याकडे गेले नाही. मी बस पकडून भवानी पेठेत गेले. घराचं तोंड उघडंबोडकं दिसत होतं, पुढे नुसता पत्रा ठोकलेला. भाभींना म्हणाले, “चला. खोली परत मिळतेय तुमची. कशी उतरवायची ते तुमच्यासमोर ठरू दे.” त्या पदर डोक्यावर घट्ट घेऊन निघाल्या. बसमध्ये एवढंच म्हणाल्या, “कानाच होता ना फक्त?”

आम्ही पोचलो तेव्हा साहेब खडू घेऊन चौकटीपाशी उभे होते. ओट्यावर गावातल्या तीन-चार बायका बसल्या होत्या. मधे सुपात शेंगा. भाभी दालनाच्या दारातच थांबल्या. त्यांचीच खोली, त्यांचीच चौकट, उंबऱ्याचा त्यांच्याच पायांनी झिजलेला कोपरा. मला वाटलं, आता या ओरडतील नाहीतर रडतील. तेवढ्यात ओट्यावरची एक म्हातारी सरकली आणि हातानं जागा झाडत म्हणाली, “या की, बसा. जागा हाय.”

भाभी गेल्या आणि बसल्या. स्वतःच्या ओट्यावर, पाहुण्यासारख्या, कडेला. म्हातारीनं सूप पुढे सारलं. भाभींनी मूठभर शेंगा उचलल्या आणि फोडायला लागल्या. “कुठल्या तुमी?” म्हातारीनं विचारलं. भाभी म्हणाल्या, “इथल्याच.” मग कुणाची सून, कुणाचा गुडघा, असं काहीबाही सुरू झालं. साहेब खडू हातात धरून तसेच उभे. कुणी त्यांच्याकडे बघेना.

सूप रिकामं झालं तेव्हा भाभी उठल्या, साहेबांजवळ गेल्या आणि म्हणाल्या, “ठेवा तो खडू. खोली राहू दे इथं.”

“नाही चालणार,” साहेब म्हणाले. “आता नावात वास्तू नाही. ही जास्त होते.”

“माझ्या अब्बांचं धान्याचं दुकान होतं,” भाभी म्हणाल्या. “माप भरलं की काठावर जास्तीच्या धान्याची शीग राहायची. ती गिऱ्हाइकाची. ती कुणी परत पोत्यात ओतत नाही. ओतली तर गिऱ्हाईक पुन्हा तोंड दाखवत नाही.”

“शीग मापात धरत नाहीत.”

“मी कुठे म्हणते धरा? तेव्हा तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून खोली नेलेली होती. आता मी देतेय.”

साहेबांनी मान खाली घातली. त्यांच्या हातातला खडू मोडला आणि दोन्ही तुकडे त्यांनी खिशात ठेवले. निवृत्त निरीक्षकाच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हाच पाहिलं. मला ते पाहवलं नाही आणि मी टाइपरायटरपाशी जाऊन कागद चढवला. थोड्या वेळानं ते येऊन माझ्यासमोर बसले आणि सांगू लागले.

“लिहा. शुद्धिपत्रक पावले. पाटी दुरुस्त करीत आहोत. संग्रहालयात एक वास्तू जास्त आहे. ती तशीच राहील.”

मी विचारलं, “कारण लिहावं लागेल साहेब. नाहीतर त्रुटी काढतील. काय लिहू?”

त्यांनी ओट्याकडे पाहिलं. भाभी परत जाऊन बसल्या होत्या, आता जरा ऐसपैस, पाय वर घेऊन.

“लिहा,” ते म्हणाले, “घरच्यांची इच्छा.”

मी तसंच टाइप केलं. खात्यानं आमच्या प्रत्येक कागदावर काही ना काही विचारलं होतं. या कागदावर मात्र कधीच काही विचारलं नाही.